आधी कुणाच्या पायात होते?

मुलीला धावायला स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, हवे होते. तालुक्याला तिचा पहिला नंबर आला होता, पुढे ओरोसला जिल्ह्याची स्पर्धा होती, आणि तोवर ती एकतर अनवाणी धावली होती, नाहीतर शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासवर. बरे म्हणावेत असे नवे स्पाइक्स तीन हजारांच्या पुढे जात होते. चौदाव्या वर्षाचा पाय असा, की दिवाळीत घेतलेला जोड मे महिन्यात चावायला लागतो. एका संध्याकाळी ती मैदानावरून आली ती बातमी घेऊनच. तिच्याबरोबर सराव करणारी, दोन वर्षांनी मोठी मुलगी आपले जुने स्पाइक्स विकते आहे, नऊशे रुपयांना. "घेऊया ना, बाबा?"

मी काही बोलायच्या आत माजघरातून आईचा आवाज आला. "दुसऱ्याच्या व्हाणेत पाय घालूचो नाय. तेची साडेसाती आपल्या पायाक लागता."

ही समजूत आमच्याकडे घरोघरी आहे. शनीची पीडा चपलांबरोबर जाते म्हणतात. म्हणून शनिवारी देवळाबाहेरून चपला गेल्या तर माणूस फार हळहळत नाही, पीडा टळली म्हणत अनवाणी घरी येतो. मग एकाची गेलेली पीडा दुसऱ्या कुणाच्या तरी पायात जाणार, हे ओघानंच आलं. आईशी मी यावर वाद घातला नाही. पण मुलीचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला, कारण माझं सगळं बालपण दुसऱ्याच्या बुटांत गेलेलं आहे.

बाबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप संपला असं कधी रीतसर जाहीर झालंच नाही. वर्षभर वाट पाहून बाबा ट्रंक घेऊन गावी परतले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. काका मात्र मुंबईतच एका कचेरीत होते. गणपतीला काका-काकू एसटीनं यायचे तेव्हा त्यांच्याबरोबर एक मोठं बोचकं असायचं. वर काकूच्या साड्या, मध्ये चुलतभावाचे शर्ट-पँट, आणि अगदी तळाला, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेले त्याचे बूट. ते पुडकं सोडताना येणारा वास मला अजून आठवतो. पॉलिशचा, रबराचा, आणि त्याखाली घामाचा. मला तो मुंबईचा वास वाटायचा आणि तेव्हा तो आवडायचा.

पाचवीत मिळालेला जोड मला दोन बोटं मोठा होता. आईनं पुढे कागदाचे बोळे कोंबले. पावसात बोळे भिजून लगदा व्हायचा, मग घरी आल्यावर चुलीजवळ नवे बोळे. सहावीत बोळे काढले. सातवीत ते बूट मला लहान झाले, पण काकांकडून पुढचा जोड आला नव्हता, कारण चुलतभावाचे अजून फाटले नव्हते. वर्षभर मी बोटं दुमडून चाललो. माझ्या उजव्या पायाची करंगळी आजही शेजारच्या बोटाखाली शिरलेली आहे. ती जन्मापासून तशी नव्हती.

बुटाच्या जिभेमागे निळ्या शाईत चुलतभावाचं नाव आणि तुकडी लिहिलेली होती. वर्गातल्या एकानं ते वाचलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मी घरी येऊन ते नाव दगडानं घासलं. शाई गेली नाही, कापड फाटलं.

पण मला सांगायचंय ते त्या लाजेबद्दल नाही, करंगळीबद्दल. ते बूट वापरलेले होते म्हणून माझं बोट वाकडं झालं नाही. ते मापाचे नव्हते, आणि मापाचे नाहीत हे बोलायची मला सोय नव्हती, म्हणून झालं. कुणी प्रेमानं दिलेली वस्तू चावते असं म्हणायचं कसं? काकू दर वर्षी विचारायची, "बसले ना रे?" आणि मी दर वर्षी मान हलवायचो. दिलेल्या वस्तूला नाही म्हणता येत नाही. पैसे मोजून घेतलेल्या जुन्या वस्तूला म्हणता येतं, आणि एवढ्यासाठीच मला वाटतं, जुने बूट विकत घेणं हे फुकट मिळण्यापेक्षा पायाला जास्त मानवतं.

नाही म्हणण्याची मुभा मला पहिल्यांदा मिळाली मुंबईत, २००३ साली. मी नोकरी शोधत होतो आणि मुलाखतीला काळे कातडी बूट हवे होते. खोलीवरच्या एका मित्रानं सांगितलं, शुक्रवारी पहाटे डेढ गल्लीत जा. कामाठीपुऱ्याजवळ भरणारा जुन्या बुटांचा तो बाजार उजाडता उजाडता आवरायला लागतो, त्यामुळे अंधारातच पोचावं लागतं. रस्त्यावर ओळीनं बूट, त्यावर बॅटरीचे झोत, आणि वाकून जोड उलटेपालटे करणारी माणसं. मी सहा जोड घालून पाहिले, पाच परत ठेवले. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. सहावा दीडशे रुपयांना घेतला. शिवण नवी होती, सोल नीट बसवलेला होता, त्या कारागिरानं काम चोख केलं होतं. ते बूट मी दोन वर्षं वापरले आणि नोकरीही त्यातच लागली.

तरी त्या बुटांत एक गोष्ट होती जी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. आतल्या इनसोलवर पाच बोटांचे खळगे होते, माझ्या बोटांच्या जागी नसलेले. डाव्या टाचेची बाहेरची कड जरा जास्त दबलेली होती. महिन्याभरात माझा डावा गुडघा संध्याकाळी ठणकायला लागला. एक दिवस रस्त्यावरच्या चर्मकारानं बूट लाकडी पाटावर ठेवून मला दाखवला. उजवा सरळ उभा राहिला, डावा किंचित बाहेर कलला. "आधीचा माणूस असा चालायचा," तो म्हणाला, आणि त्यानं टाचेखाली रबराची पातळ पट्टी लावून दिली. गुडघ्याचं ठणकणं थांबलं. पण तो आधीचा माणूस माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. त्याचा पाय मोडला होता का, तो जड पिशवी एकाच खांद्यावर घ्यायचा का, त्यानं हे बूट का विकले, की त्यानं ते विकलेच नव्हते? बाजारात नाही म्हणता येत होतं, पण विचारता येत नव्हतं. विचारणार कुणाला?

पुढची चूक मात्र माझी स्वतःची, आणि तिच्यात आमच्या हवेचा हात मोठा. गावी परतल्यावर काही वर्षांनी पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून मी ट्रेकिंगचे बूट घेतले. दोनदाच घातलेले, बाकी कपाटात. दिसायला कोरे करकरीत. तीन पावसाळे मी ते माळ्यावर जपून ठेवले आणि एका डिसेंबरात नारूरहून रांगणा किल्ला चढायला बाहेर काढले. अर्ध्या चढावर उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला, थोड्या वेळानं डाव्याचा. गोंद सुटला असता तर पुन्हा चिकटवता आला असता. इथे तळाच्या आतला फोमच भुसभुशीत होऊन बोटांत येत होता. नायलॉनच्या दोरीनं दोन्ही बूट बांधले आणि तसाच उतरलो.

नंतर कळलं ते असं. बऱ्याच जड बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. तो मऊ असतो, टिकाऊ असतो, पण हवेतली वाफ वर्षानुवर्षं त्यात मुरत राहते आणि त्याच्या रेणूंचे सांधे आतून तोडत जाते. बूट वापरा की नुसते ठेवा, हे चालूच राहतं. उष्ण आणि दमट जागी जास्त वेगानं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कातडी पट्ट्यावर हिरवी बुरशी मखमलीसारखी धरते, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. तिथे कपाटातले बूट कोरडे कसे राहणार? म्हणून आमच्या भागात जुना बूट घेताना तो किती वापरला यापेक्षा तो किती जुना आहे हे आधी बघावं. 'दोनदाच घातलाय' हे वाक्य ऐकून मी आता खूश होत नाही, सावध होतो. अनेक बुटांच्या जिभेमागच्या पट्टीवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. अंगठ्यानं मधला थर दाबून पाहावा, बूट वाकवून त्यात बारीक भेगा दिसतात का पाहावं. साध्या रबराच्या तळाला, किंवा धावण्याच्या हलक्या बुटांत असतो त्या ईव्हीए फोमला, हा रोग असा लागत नाही. हा फोम दबून दबून निर्जीव होतो, पण हातात चुरा होऊन येत नाही.

आणि चिखल्या. लावणीच्या दिवसांत आमच्या वाडीत ज्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या नाहीत असं माणूस सापडणं कठीण. पांढरी पडलेली, सोललेली, मिठासारखी झोंबणारी कातडी. आई खोबरेल तेलात हळद कालवून लावायची आणि पहाटे पुन्हा तरव्यात, भाताच्या रोपांत, उतरायची. सततच्या पाण्यानं कातडी कुजते आणि तिच्यात बुरशी घर करते. ही बुरशी पायावरून बुटात उतरते आणि तिथे महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते. आईची साडेसाती मी मानत नाही, पण दुसऱ्याच्या व्हाणेतून आपल्या पायाला काहीतरी लागतं हे म्हणणं मात्र खरं आहे. नुसतं ऊन दाखवून ते जात नाही. कापडी बूट असेल तर चांगल्या गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुता येतो. कातडी किंवा चिकटवलेला असेल तर आतला इनसोल काढून टाकायचा, तो परत वापरायचाच नाही, आतून पुसून पुरता सुकवायचा आणि बुरशीनाशक पावडर टाकून काही दिवस तसाच ठेवायचा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र या भानगडीत पडू नये, हे मी आग्रहानं सांगतो. पायाची जाणीव बोथट झालेली असू शकते. दुसऱ्याच्या बोटाच्या खळग्याची कड घासत राहते आणि जखम झाल्याचं कळतं ते मोजा ओला लागल्यावर. आमच्या नात्यातल्या एकांचा अंगठा असाच गेला, आणि ते बूट तर नवे होते, फक्त मापाचे नव्हते.

जुनं घ्यावं आणि बिनघोर घ्यावं असं पायातलं काही असेल तर ते गमबूट. आमच्याकडे लेप्टो तापाच्या साथी येऊन गेल्या आहेत. उंदरांच्या, गुरांच्या मुतानं दूषित झालेलं पाणी पायाच्या एखाद्या चिरेतून आत शिरतं आणि तापाचं निमित्त होऊन धडधाकट माणूस जातो. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात, ते घालून तरवा लावणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. पण गोठ्यात, बांधावर, पाट काढताना ते पायात असायला हवेत. आणि नवे परवडत नाहीत म्हणून अनवाणी जाण्यापेक्षा कुणाचे तरी जुने शंभर पटीनं बरे. अख्खा रबराचा असल्यानं तो आतून-बाहेरून साबणानं घासता येतो. घेताना त्यात बादलीभर पाणी ओतावं आणि पाच मिनिटं उभा ठेवावा. खालची जमीन कोरडी राहिली तर खुशाल घ्यावा. आमच्या घरात दोन जोड आहेत, दोन्ही जुने घेतलेले, आणि आईही आता गोठ्यात जाताना तेच घालते. ते आधी दुसऱ्याच्या पायात होते याची आठवण मी तिला करून देत नाही.

तिला ते कळत नसेल असंही नाही. बाबा २००९ साली गेले. बाराव्याला रीतीप्रमाणे नव्या चपला आणि छत्री दान दिली, पण त्यांचे स्वतःचे बूट पडवीतल्या बाकाखाली तसेच राहिले. गिरणीच्या दिवसांतले काळे बूट, तीनदा सोल बदललेले, टाचेला लोखंडी नाल ठोकलेली. बाबा गावच्या सोसायटीत कामाला होते, संध्याकाळी पाखाडी चढून यायचे तेव्हा जांभ्याच्या पायऱ्यांवर ती नाल टक टक वाजायची. आई त्या आवाजावर चहा टाकायची, ते दारात येईपर्यंत आधण यायचं. वर्षश्राद्ध झालं आणि आमचे नारळ पाडायला येणाऱ्या माणसानं ते बूट मागितले. मला वाटलं आई नाही म्हणेल. मेलेल्या माणसाच्या वहाणा घेऊ नयेत हे तिनंच मला शिकवलं होतं. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसले, खोबरेल लावलं आणि दिले.

दोन-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. पाखाडीवर टक टक आवाज आला. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, काडी ओढल्याचा आवाज आला. तो माणूस अंगणात आला, नारळांचा हिशेब करायला आला होता. आई बाहेर आली ती चहाचा कप घेऊनच, आणि कप त्याच्या हातात देऊन आत गेली. तिनं ते सवयीनं केलं की जाणूनबुजून, मी विचारलं नाही. पुढे तो जेव्हा जेव्हा ते बूट घालून आला तेव्हा चहा तयार असायचा.

तर हे सगळं मनात घेऊन मी मुलीला म्हटलं, बघूया, पण आधी त्या ताईला घरी बोलाव.

ती रविवारी आली, स्पाइक्स पिशवीत घेऊन. लाजरी मुलगी, सतराव्या वर्षाला टेकलेली. मी जोड कुडाळला आमच्या नेहमीच्या चर्मकाराला आधीच दाखवू शकलो असतो, पण मला तिच्या समोरच बघायचं होतं. पायऱ्यांवर बसून आम्ही तिघं तो जोड तपासत होतो. मी टाच पाटावर ठेवून पाहिली, सरळ होती. डाव्याचा पंजा बाजूनं थोडा फुगलेला होता. "डावा मला घट्ट व्हायचा काका, मी लेस खालची दोन भोकं सोडून बांधायची," तिनं सांगितलं. आपला पंजा मुळात पसरट. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजले, त्यातही हेच निघालं, की युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा आपले पाय रुंद आहेत. अनवाणी वाढलेल्या कोकणातल्या पोरींना ते मोजून सांगायची गरज नाही. माझ्या लेकीचा पंजा त्या फुगलेल्या जागी नेमका बसला. नव्या बुटात तिला हे मिळालं नसतं.

मग मी विचारलं, "पावसाळ्यात चिखल्या झाल्या होत्या का गं तुला?"

ती गप्प झाली. मुलीनं माझ्याकडे रागानं पाहिलं. थोड्या वेळानं ती ताई म्हणाली, "जुलैत झाल्या होत्या. पण तेव्हा मैदान बंद होतं, हे घातले नव्हते. ऑगस्टात घातले एक-दोनदा."

डेढ गल्लीत मला हे कुणी सांगितलं नसतं, आणि चुलतभावाला मी हे विचारू शकलो नसतो. या पोरीनं खरं सांगितलं, स्वतःचं नुकसान होईल हे माहीत असून. मी तिला सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या आईच्या पायाला चाळीस वर्षं होत्या. इनसोल आम्ही तिथेच काढून टाकला.

खिळे काढायला मात्र तास गेला. तळात मळसूत्री खिळे असतात, ते किल्लीनं फिरवून बदलता येतात. सिंथेटिक ट्रॅकवर साधारण सहा किंवा नऊ मिलिमीटरचे, आमच्यासारख्या मातीच्या मैदानावर जरा लांब. पण खाऱ्या हवेत राहून ते गंजून जाम बसले होते. खोबरेल सोडून वाट पाहिली, एकेक सुटला. दोन सुटलेच नाहीत. तीच म्हणाली, काका, शंभर कमी द्या. मी पूर्ण नऊशे दिले. तिला पुढच्या जोडासाठी भर घालायची होती.

आठवडाभर स्पाइक्स पावडर टाकून वाऱ्यावर होते. नवा इनसोल बसला, नवे खिळे बसले, अडकलेले दोन कुडाळला चर्मकारानं पकडीनं उपटून काढले. आई रोज येता-जाता त्यांच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं ते पहिल्यांदा घातले आणि अंगणातून पाखाडीकडे धावली. जांभ्यावर खिळे वाजले, टक टक टक. मी आत पाहिलं. आई हातातलं काम टाकून दारात आली होती.

"गो, पायरेर घालून चलू नको," ती ओरडली, "खिळे मोडतले!"